पिवळा वेढा

"सूत कुणाचं हाय हे?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि नळावरच्या सगळ्या बायका आपापल्या घागरीत डोकावत राहिल्या.

विळ्याच्या टोकानं त्यांनी वडाच्या सालीचा एक पापुद्रा उचलून धरला होता. आत, ओल्या लाकडाला करकचून, पिवळंधमक सूत होतं. तीन पावसाळे अंगावर घेऊनही त्याचा रंग उतरला नव्हता. झाड सहा वर्षांचं, बुंधा माझ्या मांडीएवढा. पण कमरेशी असं आवळलेलं, की वर फुगून आलं होतं आणि खाली बारीक राहिलं होतं. परकराची नाडी घट्ट बांधून झोपी गेलेल्या पोरीसारखं. चिकाचे पांढरे ओघळ खाली येऊन काळे पडले होते. शेंड्याला नवी पालवी यायची वेळ, तर तिथली पानं पिकून गळत होती.

मी ते सूत बघताक्षणी ओळखलं. घागर भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही.

"कुणाचं का असंना," हौसाबाई म्हणाली. आमच्या चाळीत कुणीही विचारलेल्या प्रश्नाला पहिलं उत्तर तिचंच असायचं. "पुनवेचं सूत हाय ते. समद्याच बांधतात. त्यात काय दरोडा पडला काय?"

"साधं सूत असतं तर पाऊसपाण्यात कुजून गळलं असतं, हौसाबाई. हे पॉलिस्टर हाय. हे कुजत न्हाई. झाड वाढाय लागलंय आणि फास हाय तेवढाच हाय. पानांनी केलेलं जेवण सालीतनंच मुळाकडं उतरतं, ती वाटच बंद झालीया. मूळ उपाशी, मग झाड किती दिवस तग धरंल? हे निघालं न्हाई तर दिवाळी बघत न्हाई हे."

"मग काढा की. विळा तुमच्याच हातात हाय."

अण्णांचा हात खाली आला. "मी? कुणी आपल्या कुंकवाच्या नावानं बांधलेलं सूत मी तोडू? न्हाई जमायचं. जिनं बांधलं तिनंच सोडायचं. तुमच्यापैकी दुसरी कोण तोडती का बघा."

"न्हाई बाई," मागून कुणीतरी पुटपुटलं. "असल्या पापाला कोण हात लावंल!"

आदगोंडा अण्णा जैन. त्यांच्या घरात वडाची पुनव कधी कुणी केली नव्हती. पण झाड त्यांचं होतं. रस्ता रुंद करताना नाक्यावरचा जुना वड पाडला, तेव्हा त्याची एक मनगटाएवढी फांदी खांद्यावर टाकून त्यांनी आणली आणि आमच्या चाळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीजवळ रोवली. सगळा जन्म डाळिंबाची कलमं बांधण्यात गेलेला माणूस. गुडघे गेल्यावर रोपवाटिका सुटली, मग सगळी माया ह्या एका झाडावर. सकाळी काठी टेकत येत, पानांशी बोलत, आणि आम्ही बायका हसायचो.

त्या सकाळी कुणी हसलं नाही. अण्णांनी सालीचा पापुद्रा परत बसवला, वर तळहात दाबून धरला आणि म्हणाले, "मी आठ दिवस वाट बघतो. नाव सांगू नका. दुपारच्याला इथं कोण नसतं. यायचं, सोडायचं, जायचं."

मी घागर उचलली. कमरेवर ती नेहमीपेक्षा जड वाटली.

*

आमची खोली टाकीपासून चौथी. माझ्या मालकांची, श्रीपतींची, बाज मी दाराशीच टाकली होती, म्हणजे त्यांना वारा लागायचा आणि टाकीच्या वरून डोकावणारा वडाचा शेंडा दिसायचा. बावीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस. कापसाची बारीक बारीक कुसळं छातीत साठत गेली, त्यावर कधीतरी आजार बसला, आणि आता चव्वेचाळिसाव्या वर्षी पायरी चढतानाही ते दोनदा थांबत. मिरजेच्या दवाखान्यात दोन फेऱ्या झाल्या होत्या. शेवटच्या फेरीत डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत, नुसते गोळ्या-इंजेक्शनं लिहीत राहिले. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

"काय म्हणत हुते अण्णा?" मी आत शिरायच्या आधीच त्यांनी विचारलं.

"झाडाला कीड लागलीया म्हणं."

"कीड?" ते शेंड्याकडे बघत राहिले. "कीड लागली की पान खाल्लेलं दिसतं. हे नुसतंच पिवळं पडाय लागलंय. उपाशी माणसासारखं."

मी चरख्याशी बसले. मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम मी घरी आणलं होतं. एका हातानं चरखा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांतून सूत सोडायचं. सूत कसं आहे हे बोटांना आपोआप कळतं. कुठे जाड, कुठे विरळ, कुठे तुटणार. त्या दिवशी माझ्या बोटांना काहीच कळत नव्हतं. सूत सारखं तुटत होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्यांचा खोकला नुकता सुरू झाला होता. पुनवेच्या आदल्या दिवशी बाजारात सुताच्या गुंड्या घ्यायला गेले आणि एक गुंडी ओढून बघितली, तर नुसत्या ओढण्यानं तुटली. मी विणकराची बायको. रोज तुटलेलं सूत जोडणाऱ्या माणसाची बायको. त्याच्या आयुष्यासाठी मी असलं कच्चं सूत बांधू? त्या वर्षी ह्यांच्या कारखान्यात साडीच्या काठासाठी पिवळं पॉलिस्टर आलं होतं. रेशमासारखं चमकणारं, दोन्ही हातांनी ताणलं तरी बोट कापेल पण तुटणार नाही असं. डबा पोचवायला गेले तेव्हा त्या सुताचा अर्धवट संपलेला एक कोन मी पदराखाली घालून आणला.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांनी सात फेऱ्या घातल्या. मी एकशेआठ घातल्या. दर फेरीला सूत ओढून घट्ट केलं, आधीच्या वेढ्याला लागूनच दुसरा वेढा, मागावर कापड बसवावं तसा. माझी आई जात्यावर नवीन नवीन ओव्या रचायची, ती खोड माझ्यातही उतरली होती. फेऱ्या घालताना मनात ओवी आली ती मी ओठांतल्या ओठांत म्हणत राहिले:

वडाला गुंडाळीते, सूत हळदीवानी पिवळं
देवा माझ्या कंथाचं, नको आयुष्य कोवळं

त्या साली खोकला थांबला. खरंच थांबला. मग पुढच्या वर्षी त्याच कोनातलं सूत, त्याच जागी, आणखी घट्ट. त्याच्या पुढच्या वर्षीही. झाडाची साल त्या सुतावर ओठ मिटावे तशी मिटत गेली, तेव्हा मला वाटलं, वडानं माझं मागणं पोटात घेतलं.

*

अण्णांचे आठ दिवस संपले आणि पुनव आली.

सकाळी ताटं घेऊन बायका निघाल्या, तर अण्णा झाडासमोर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर आडवी काठी.

"पूजा करा. पाणी घाला, फुलं व्हा. सूत बांधायचं न्हाई."

"हे कुठलं नवीनच?" हौसाबाईच्या नाकातली नथ थरथरली. "सुताबिगर वडाची पुनव व्हती काय? अण्णा, तुमचं पर्यूषण असतं तवा आम्ही येतो का तुम्हाला ताट वाढाय?"

"हौसाबाई, मान आवळलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालतीस काय तू?"

"माणसाची आन् झाडाची बरोबरी करू नगासा."

"मी न्हाई करत. तुम्हीच करतासा. झाडाचं आयुष्य नवऱ्याला मागतासा. मग ह्याच्यापाशीच शिल्लक न्हाई तर देईल कुठनं?"

हौसाबाईनं पदर खोचला आणि सगळ्यांना घेऊन मैलभर लांब, ओढ्याकाठच्या वडाकडे निघाली. जाताना माझ्या दाराशी थांबली.

"मालन, चल की. अजून न्हाली न्हाईस?"

"ह्यांना बरं न्हाई. तुम्ही व्हा म्होरं."

"बरं न्हाई म्हणूनच तर चल म्हणती मी." मग तिनं बाजेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं, ऱ्हाऊ दे. तुज्या नावाची एक फेरी मी घालीन."

ती गेल्यावर मी परत कांड्या भरायला बसले. उन्हाची तिरीप बाजेच्या पायावर चढली. माग चालू होते. चाळीच्या मागच्या कारखान्यातून खटखट येत होती. वीज गेली आणि सगळं एकदम गप्प झालं.

"ते पिवळं सूत तुझं हाय," ते म्हणाले.

माझ्या हातातली कांडी खाली पडून घरंगळत त्यांच्या बाजेखाली गेली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोन पदराखाली घातलास तवा मी बघितला हुता. मला वाटलं, पोरीच्या झंपराला काठ लावशील." ते हसले, त्याचा खोकला झाला, खोकला थांबेपर्यंत मी पाठ चोळत राहिले. "झाडावर बघितलं तवा कळलं. मनातल्या मनात हसलो. म्हटलं, बाई माझी खुळी हाय, पर सूत बरीक चांगलं निवडलंय."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? कुणी आपल्यापायी एवढ्या फेऱ्या घालतंय, त्याला नको कसं म्हणायचं?"

मी रडत होते. त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांच्या टोकांना सुतानं पाडलेल्या बारीक चिरा होत्या, त्या आता काम सुटल्यावर बुजत आल्या होत्या.

"ऐक. धोटा इकडनं तिकडं पळता पळता कधी कधी उभ्या सुताच्या मधीच अडकतो. ठाऊक हाय तुला. तवा काय हुतं? पन्नास-शंभर सुतं तटातटा तुटतात. जोडत बसावं लागतं, शिव्या खाव्या लागतात. पर सुतं तुटली म्हणून फणी वाचती, माग वाचतो. ती तुटलीच न्हाईत तर समदा मागच मोडंल. सूत वेळंला तुटावं लागतं, मालन. सोड ते."

"तुम्ही बरं व्हा. मग सोडते."

"मालन."

"न्हाई सोडणार. ह्या वर्षी नवीन बी बांधलं न्हाई आणि जुनं बी सोडू? मिरजेच्या डॉक्टरांनी नवीन इंजेक्शनं लिहून दिलीत. महिनाभर बघू. झाड काय एका महिन्यात मरत न्हाई."

ते वडाच्या शेंड्याकडे बघत होते. वारा नव्हता, तरी एक पान गळून टाकीच्या पत्र्यावर पडलं. त्याचा आवाजही आम्हाला ऐकू आला, इतकं शांत होतं.

"सोड," ते हळूच म्हणाले. "लई जीव घुसमटतोय गं."

मला वाटलं, झाडाचाच म्हणतायत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची सूत कापायची कातर कमरेला खोवली आणि गेले.

अण्णा खुर्चीवरच होते. मला बघितलं. खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले.

"मी झोपलोय," ते म्हणाले. "कोण आलं, कोण गेलं, मला ठाऊक न्हाई."

वरचे वेढे सालीबाहेर होते. त्यांचं टोक शोधून सोडायला घेतलं, तर ते सोडवायला झाडाभोवती उलटं फिरावं लागत होतं. पुनवेला घातलेल्या फेऱ्या मी एकेक करून परत घेत होते. पहिल्या उलट्या फेरीला मी मध्येच थांबले. देवळात चुकूनसुद्धा कुणी असं फिरत नाही. डोळ्यांसमोर नको ती चित्रं येत होती. मी फेऱ्या मोजत राहिले, मोजणं चुकलं, मग मोजायचं सोडून दिलं.

आतलं सूत मात्र कातरीशिवाय निघेना. एकेक वेढा नखानं उचलायचा, कातरीचं टोक खाली सारायचं, कापायचं आणि ओढायचं. ओढलं की सालीचा धागाही बरोबर यायचा आणि पांढरा चीक भळकन वाहायचा. माझे हात कोपरापर्यंत चिकट झाले. त्याचा वास बाळंतिणीच्या खोलीसारखा कोवळा, ओला. कोवळ्या झाडाला एवढा चीक असतो हे मला माहीत नव्हतं.

"अण्णा," मी शेवटी म्हणाले, "एक वेढा लई आत गेलाय. लाकडातच रुतलाय. कातर पोचत न्हाई."

त्यांनी मान वळवली नाही. "पुरा वेढा हाय का तुकडा?"

"तुकडा. बोटभर."

"ऱ्हाऊ दे मग. तेवढं झाड पचवंल."

मग ते उठले. जखमेकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून 'अरेरे' एवढंच आलं. कमरेला वीतभर पट्टा सगळीकडून सोललेला. वरची साल आणि खालची साल, मध्ये नुसतं उघडं लाकूड.

"आता काय हुणार?"

"आता ह्याला खालच्या सालीची आशा न्हाई. पर वड हाय हा, दुसरं कुठलं झाड असतं तर आटोपलं असतं. ह्याच्या अंगात कुठनं बी मूळ फुटायची ताकद हाय. डाळिंबाला आम्ही मुद्दाम साल काढून वर ओल्या मातीची गुट्टी बांधतो, तशी हितं बांधू. वरच्या सालीच्या कडंला मुळं फुटली आणि ती खाली मातीत पोचली, तर हे आपल्या नव्या पायांवर उभं ऱ्हाईल."

"आणि न्हाई फुटली तर?"

"मग न्हाई."

त्यांनी चिकणमाती, शेण आणि कुजलेला पालापाचोळा कालवला. मी जखमेवर लिंपलं, हळूहळू, बाळाला उटणं लावावं तसं. वरून ओलं बारदान गुंडाळलं. त्याच्याखाली जमिनीपर्यंत पोकळ बांबूच्या तीन नळ्या मातीनं भरून उभ्या बांधल्या, मुळांना उतरायला. वाऱ्यानं झाड कमरेत मोडू नये म्हणून तीन बांबू टेकवून तिवई केली. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. तेव्हा अण्णांनी एका मडक्याच्या बुडाला भोक पाडलं आणि ते मला खुर्चीवर चढून फांदीला टांगायला लावलं.

"ह्या भोकात वात घालाय पाहिजे. बारदानावर थेंब थेंब पडला पाहिजे, धार न्हाई. सुती लागंल. तुझ्याकडं असंल."

मी कांडीवरचं साधं, कच्चं सूत आणलं. बाजारात ओढल्याबरोबर तुटलं होतं तसंच. आठपदरी पिळून वात केली. तिच्या टोकाला पहिला थेंब आला, लोंबकळला आणि बारदानावर पडला.

"चाळीस दिवस उघडायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "आणि मडकं एक दिवस बी कोरडं पडायचं न्हाई. कवळं मूळ एका दुपारीत वाळतं."

*

रोज सकाळी मडकं भरून आले की श्रीपती विचारायचे, "मुळं आली?"

"उघडायचं न्हाई म्हणलंय अण्णांनी."

"हात लावून बघ की बारदानाला. कळंल."

"तुम्ही गोळ्या घ्या."

ते गोळी घ्यायचे. घेताना एकदा म्हणाले, "किती दिवस गं?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इंजेक्शन द्यायला कंपाउंडर यायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे. दंडावर आता टोचायला जागा उरली नव्हती. मी म्हणायचे, एवढं एकच. उद्याही म्हणायचे, एवढं एकच. एकादशी धरली, गुरुवार धरला, मीठ सोडलं. बारदानाखाली काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि बाजेवर काय चाललंय ते मी कळून घेत नव्हते.

सत्ताविसाव्या दिवशी त्यांना पेज गिळवेना. दुपारी त्यांनी मला हाक मारली. आवाज असा, की शेजारच्या खोलीतून आल्यासारखा.

"मुळं आली?"

का कोण जाणे, मी म्हणाले, "आली."

त्यांचे डोळे मोठे झाले. "बघितलीस?"

"बघितली. बारदानाची कड जराशी सारून बघितली. पांढरी शुभ्र हाईत. लेकराच्या दातावानी."

"किती?"

"लई. मोजता येत न्हाईत."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं त्यांना कळलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. बावीस वर्षं ज्यानं नुसत्या बोटांनी सुतातली खोट ओळखली, त्याला माझ्या आवाजातली कळली नसेल?

"मग आता," ते थांबून थांबून म्हणाले, "आता तू धरून बसू नगंस."

त्या संध्याकाळी कंपाउंडर आला. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. का पाठवलं, तेही सांगता येत नाही. मी बाजेच्या कडेला बसले, त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि पहिल्यांदाच देवाकडे काही मागितलं नाही. दिवेलागणीच्या सुमारास वीज गेली, माग थांबले. परत वीज आली, माग सुरू झाले, तेव्हा मांडीवरचे पाय जड झाले होते.

*

बाया जमल्या. कुणीतरी बांगड्या फोडल्या. त्यात कुणाचा तरी आवाज मी ऐकला: "वडाचं सूत हिनंच काढलं म्हणं."

"गप ए," हौसाबाई खेकसली. "मढ्याम्होरं तरी जिभंला गाठ मारा."

सुतकात मला उंबऱ्याबाहेर पडायचं नव्हतं. लेक सासरहून आली होती, ती माझ्याजवळ बसून असायची. पहिले दोन दिवस मला कशाचीच शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हाचा चटका बसला आणि मी ताडकन उठले. मडकं! तीन दिवस कोरडं असणार. लेकीला म्हटलं, जा. ती म्हणाली, आई, सुतकाच्या हाताचं पाणी वडाला कसं घालू? आणि तू आता त्या झाडाचं नाव काढू नको, लोक काय काय बोलतायत. मी परत बसले. दारातून शेंडा दिसत होता. त्याच्यावर चार पानं राहिली होती. ह्यांना मुळं आली म्हणून सांगितलं होतं. ते खोटं घेऊनच ते गेले होते आणि आता ते खरं व्हायची वाटही मी कोरडी पडू दिली होती. तेरा दिवस मी भिंतीकडे तोंड करून काढले.

चौदाव्या दिवशी, डोक्यावरून पदर घेऊन, मोकळ्या कपाळानं मी टाकीकडे गेले. झाड बघायला नव्हे, अण्णांना सांगायला, की मेलं असेल तर काढून टाका.

मडकं काठोकाठ भरलेलं होतं. वात नवी होती. माझ्या हातची नव्हे. जाडीभरडी, घाईघाईत पिळलेली.

"अण्णा, तुम्ही भरलंत?"

"माझा हात पोचतो काय एवढ्या वर?"

नळावर हौसाबाई घागर विसळत होती. वर न बघता म्हणाली, "माझ्याकडं काय बघतीस? मला काय उद्योग न्हाईत काय?" आणि मग, घागर कमरेवर घेता घेता, "रोज दोनदा भराय लागतं गं हे. लई पितंय मेलं."

अण्णांनी मला बारदान सोडायला लावलं. मी म्हणाले, माझा हात नको. आता माझा हात कशाला? ते म्हणाले, "तूच."

बारदान सुटलं. मातीचा लपका हळूच बाजूला केला. वरच्या सालीची कड सुजलेली, ओली. आणि त्या कडेतून तीन मुळं बाहेर आली होती. तीनच. पांढरी, सुताएवढ्या जाडीची. एक बांबूच्या नळीच्या तोंडाशी टेकलं होतं.

मी तिथंच खाली बसले आणि तेरा दिवसांत जे आलं नव्हतं ते रडू मला आलं.

*

ह्याला पंचवीस वर्षं झाली. अण्णा गेले. हौसाबाईला आता दिसत नाही. पण पुनवेला नात हात धरून आणते आणि ती कुठल्या बाईची साडी कशी आहे ते ऐकून नावं ठेवते. ती तीन मुळं जाड होत होत एकमेकांत मिसळली, आता तीच बुंधा झाली आहेत. जखम कुठे होती हे नव्या माणसाला सांगूनही दिसत नाही.

पुनवेला मी जात नाही. मी दुसऱ्या दिवशी जाते. दुपारी, नळावर कुणी नसताना. आदल्या दिवशी साऱ्या बायकांनी बांधलेलं सूत मी सोडवते. सुती असो, नायलॉन असो, काहीच ठेवत नाही. दुसरीच्या कुंकवाचं सूत कुणी तोडायचं, हा प्रश्न आमच्या चाळीत आता कुणी विचारत नाही. ज्या हाताचं जायचं ते गेलं आहे, तो हात चालतो. कालपरवा लग्न झालेल्या पोरीसुद्धा हळूच येऊन सांगतात, "मावशी, माझं जरा घट्ट बसलंय. आठवणीनं सोडा हं."

सोडवताना झाडाभोवती उलटं फिरावं लागतं. आता मी मध्येच थांबत नाही. ओठांत ओवी येते, ती कुणासाठी आहे ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. 'सोड, लई जीव घुसमटतोय' हे ते कुणाबद्दल म्हणत होते, ते कळलं तेव्हा:

सोडिते वेढा वेढा, उलटी माझी फेरी
जा रं माझ्या राजसा, आता मोकळी ही दोरी

शेवटचा वेढा निघाला की मी बुंध्यावर हात ठेवते. इथंच कुठंतरी, आत, माझं बोटभर सूत राहिलं आहे. अण्णा म्हणाले होते, तेवढं झाड पचवेल. पण मी विणकराची बायको, मला सूत कळतं. ते अजून तसंच पिवळं असेल. ते कुजत नाही.